बांडगुळांच्या बाजूने

साहित्याच्या वर्गांत आणि चर्चासत्रांत एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते प्रथम कोणी उच्चारले हे आता कोणासच सांगता येणार नाही. "आधी स्वतःचे काही लिहा, मग दुसऱ्याच्या पात्रांना हात घाला." एखाद्या मालिकेवर जीव जडलेला विद्यार्थी त्या मालिकेचा एखादा भाग स्वतः लिहून काढतो, संकोचत प्राध्यापकांसमोर ठेवतो आणि हे वाक्य ऐकून परत जातो. प्राध्यापक जरा मोकळ्या स्वभावाचे असले तर पुढे 'बांडगूळ' हा शब्दही येतो. दुसऱ्याच्या झाडावर वाढणारे, स्वतःची मुळे नसलेले, असे हे लेखन. एवढ्यावर विषय संपतो.

या वाक्याविषयी आमची तक्रार आहे. तेवढीच तक्रार त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूने सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीविषयीही आहे. ती परीकथा अशी: एक साधा चाहता होता, त्याने आपल्या आवडत्या मालिकेसाठी पटकथा लिहिली, ती स्वीकारली गेली, तो मोठा लेखक झाला, तेव्हा मुलांनो, लिहीत राहा. पहिले वाक्य चाहत्याला लेखक मानत नाही. दुसरी गोष्ट त्याला लेखक मानते, पण कंपनीने पगारपत्रकावर नाव चढवल्यानंतर. चाहत्याने जे लिहिले ते वाचून पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

उदाहरण अमेरिकेतले घेतो, कारण चाहत्यांना व्यावसायिक पटकथालेखनाचे दार रीतसर उघडण्याचा सर्वांत ठळक प्रयोग तेथे झाला. मालिका 'स्टार ट्रेक'. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती येऊन गेल्याने आमच्या पिढीतील वाचकांना कर्क आणि स्पॉक यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. ही मालिका सुरू असतानाच डेव्हिड गेरॉल्ड या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने कोणी मागितला नसताना एका कथेचा आराखडा पाठवला. तो नाकारला गेला, पण तुमच्या आणखी कल्पना असतील तर पाठवा, असे त्याला सांगण्यात आले. त्यातून 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग डिसेंबर १९६७ मध्ये दाखवला गेला. आजही त्या मालिकेतील सर्वांत लाडक्या भागांत त्याची गणना होते. गेरॉल्डकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

पुढे १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही दुसरी मालिका सुरू झाली. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीस, १९८९ मध्ये, मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख म्हणून आला तेव्हा लेखकवर्गात पडझड झालेली होती, वर्षाला सव्वीस भाग भरायचे होते आणि हाताशी तयार पटकथा जवळजवळ नव्हत्या. तेव्हा पिलरने निर्णय घेतला की पटकथा कोणीही पाठवाव्यात. हॉलिवुडमध्ये हे अघटित होते. मध्यस्थाशिवाय आलेले पाकीट न उघडता परत करायचे, हा तेथला सर्वसाधारण रिवाज. कारण उघडले आणि पुढे कधी मिळतेजुळते काही पडद्यावर आले, तर पाठवणारा कोर्टात जाईल अशी भीती. पिलरने अट एकच ठेवली. सोबत एक करारपत्र सही करून जोडायचे. तुमच्यासारखी कल्पना आमच्याकडे आधीच असू शकते आणि तसे झाल्यास तुमची तक्रार असणार नाही, असा त्याचा मथितार्थ. वर्षाला हजारोंनी पटकथा येऊ लागल्या.

या निर्णयाला औदार्य म्हणण्याची प्रथा पडली आहे. आमचे म्हणणे, ती निकड होती. निकडीतूनही चांगली कामे होतात, त्यामुळे पिलरचे श्रेय कमी होत नाही. पण निकड संपली की दार लोटले जाणार हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

आता परीकथेचा नायक. रोनाल्ड मूर हा तरुण विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून लॉस एंजेलिसला आला होता. मूळ मालिकेवर त्याचे लहानपणापासून प्रेम. त्याची पटकथा 'द बाँडिंग' पिलरने विकत घेतली, ऑक्टोबर १९८९ मध्ये ती दाखवली गेली, आणि मूर लवकरच लेखकवर्गात दाखल झाला. १९९४ मध्ये त्या मालिकेचा शेवटचा भाग लिहिणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका त्याने नव्याने उभी केली. सगळे खरे आहे. मात्र परीकथा सांगणारे एक तपशील भरभर ओलांडतात. मूरची पटकथा टपालाने गेलीच नव्हती. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या ओळखीतून त्याला चित्रीकरणस्थळ पाहण्याची संधी मिळाली, जाताना त्याने पटकथा बरोबर नेली, आणि स्थळ दाखवणाऱ्या रॉडनबेरीच्या सहायकाने ती वाचायला घेतली. नंतर कित्येक महिने ती ढिगाऱ्यात पडून होती. म्हणजे खुल्या दाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दार उघडण्यापूर्वी खिडकीतून आत आलेले आहे! ज्या हजारो जणांनी इमानेइतबारे पाकिटे पाठवली त्यांना मूरचे उदाहरण देऊन 'लिहीत राहा' म्हणणे, हे लॉटरी लागलेल्याचा फोटो दाखवून तिकिटे खपवण्यासारखे आहे.

पण त्या पटकथेत काय होते? वर्गातल्या वाक्याला उत्तर द्यायचे तर येथेच थांबले पाहिजे.

'स्टार ट्रेक'मध्ये एक जुनी खोड होती. नवख्या ग्रहावर तुकडी उतरते, तुकडीतला एखादा बिननावाचा शिपाई मरतो, नायक क्षणभर गंभीर होतात आणि कथा पुढे सरकते. प्रेक्षक त्याची चेष्टा करीत. दुसऱ्या मालिकेत यानावर कुटुंबेही राहू लागली होती. मूरने दोन गोष्टी एकत्र आणल्या: अशी एक अधिकारी मोहिमेत मरते आणि तिचा लहान मुलगा यानावर एकटा उरतो. त्या बिननावाच्या मरणाचे पुढे काय होते, एवढाच प्रश्न. हा प्रश्न बाहेरच्या कसलेल्या लेखकाला पडला नसता, कारण त्याने ती मरणे मोजलेली नव्हती. ज्याने वर्षानुवर्षे प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा पाहिला आहे त्यालाच ती मोजता येतात. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने या कथेला हरकत घेतली, हेही नोंद घेण्याजोगे आहे. चोविसाव्या शतकातील माणसे मृत्यू सहज स्वीकारतात, मूल असा शोक करणार नाही, असे त्याचे म्हणणे. पिलरने त्यातून तोड काढली ती अशी की मुलगा शोक करीतच नाही, आणि त्याचे ते न रडणे हाच कथेचा विषय होतो. शेवटी त्याचा दडपलेला राग बाहेर येतो. संस्थापकाची बंदी, चाहत्याचा प्रश्न आणि व्यावसायिकाची कारागिरी, या तिघांच्या ओढाताणीतून ती संहिता घडली. यात मुळे कोणाची आणि बांडगूळ कोण?

राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले, हे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. एक कवीची, दुसरी रसिकाची. परीक्षेत आपण हेही लिहिले की त्याच राजशेखराने कवी एकमेकांकडून काय काय उचलतात याची सविस्तर प्रतवारी लावली, आणि उचलण्याला सरसकट पाप म्हटले नाही. मोरोपंतांनी अख्खे महाभारत आर्येत आणले तेव्हा 'आधी स्वतःचे कथानक लिहा' असे त्यांना कोणी बजावले नाही, आणि आज मोरोपंत शिकवणारे आपण त्यांना बांडगूळ म्हणत नाही. हा युक्तिवाद आता घासून गुळगुळीत झाला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. तो अर्धाच खरा आहे हेही. व्यासांचे वकील नव्हते. मोरोपंतांना आर्या रचण्यापूर्वी कोणत्याही करारपत्रावर सही करावी लागली नाही. अडचण मौलिकतेची आहे असे आपण वर्गात बोलतो. प्रत्यक्षात ती मालकीची आहे.

आणि गंमत पाहा. या दारातून, किंवा दाराच्या आसपासच्या फटींतून, ज्या पटकथा आल्या त्यांतील उत्तम म्हणता येतील अशा दोन मालकीविषयीच आहेत. मेलिंडा स्नॉडग्रास ही मूळची वकील. दूरचित्रवाणीसाठी तिने तोवर काही लिहिलेले नव्हते. 'स्टार ट्रेक'च्या जगातील एक कादंबरी मात्र तिच्या नावावर होती. तिची 'द मेझर ऑफ अ मॅन' ही पटकथा, पिलर येण्याआधीच, फेब्रुवारी १९८९ मध्ये पडद्यावर आली. डेटा हा यंत्रमानव आरमाराची मालमत्ता आहे की स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारी व्यक्ती, यावर त्यात खटला चालतो. त्यानंतर वर्षभराने, मार्च १९९० मध्ये, रेने एचेव्हारिया या नवख्याची 'द ऑफस्प्रिंग' आली. त्यात डेटा स्वतः एक मुलगी घडवतो आणि तिचे नाव ठेवतो 'लाल'. हिंदीत या शब्दाचा अर्थ 'लाडके' असा आहे, असे तो सांगतो. (आपल्याला आधी रंग आठवतो, ही गोष्ट वेगळी.) वरिष्ठ येऊन सांगतात, या मुलीवर आमचा अधिकार आहे, ती आमच्या ताब्यात द्या. निर्माण करणारा एक आणि ताबा सांगणारा दुसरा, ही त्या कथेची सारी वेदना. पटकथा विकली गेली त्या क्षणी डेटाचा खटला, लालचे मरण, त्यातील प्रत्येक संवाद कंपनीचा झाला. लेखकांना मोबदला मिळाला, श्रेयनामावलीत नाव मिळाले. मालकी मिळाली नाही. हा अन्याय होता असे आम्ही म्हणत नाही, तो व्यवसायाचा सर्वमान्य नियम आहे. पण ताब्याविरुद्धची ही दोन भाषणे ताबा सोडण्याच्या अटीवरच आपल्यापर्यंत पोहोचली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

'यस्टरडेज एंटरप्राइज' या भागाची कथा याहून बोधक आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये आलेला हा भाग त्या मालिकेतील सर्वोत्कृष्टांपैकी एक मानला जातो. मूळ कल्पना बाहेरून पटकथा पाठवणाऱ्या ट्रेंट गानिनोची. मालिकेच्या कार्यालयात काम करणारा एरिक स्टिलवेल त्याच्याबरोबर कथेत सहभागी झाला. पटकथा मात्र लेखकवर्गातील चौघांनी घाईघाईने वाटून घेऊन लिहिली. त्या चौघांत एक नाव मूरचे आहे! काही महिन्यांपूर्वी जो बाहेर उभा होता, तो आता बाहेरून आलेल्याची कथा आत घेऊन लिहीत होता. आम्ही कोणाला दोष देत नाही. कथा विकत घ्यायची आणि लिहायची आपण, ही तेथली रूढ पद्धत. परंतु खुल्या धोरणाचा हिशेब मांडताना किती चाहते लेखक झाले एवढेच मोजतात. किती चाहत्यांच्या कल्पना तेवढ्या आत गेल्या आणि माणसे बाहेरच राहिली, हा रकाना कोणी भरत नाही.

आणखी एक रकाना रिकामा असतो. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचे लेखन सुरू झाले ते हौशी नियतकालिकांतून. 'स्पॉकनेलिया' हे त्यांतील पहिले, १९६७ चे. या नियतकालिकांतून लिहिणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी १९९२ मध्ये या लेखनावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या शीर्षकातच 'विमेन' हा शब्द आहे. पण १९८९ च्या दारातून आत गेलेल्यांची जी नावे आज आदराने घेतली जातात ती पाहा: मूर, एचेव्हारिया, रॉबर्ट हेविट वुल्फ, ब्रायन फुलर. जेन एस्पेन्सनसारखी नावे आहेत, पण मोजकी. वीस वर्षे ज्यांनी हे लेखन जोपासले त्या बायका कोठे गेल्या? काही कादंबऱ्यांकडे गेल्या. जीन लोरा या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने सत्तरच्या दशकात हौशी प्रकाशनातून स्पॉकच्या आईवडिलांच्या संसारावर लिहिले आणि १९८४ मध्ये तिची अधिकृत 'स्टार ट्रेक' कादंबरी निघाली. पण कादंबऱ्या 'कॅनन'मध्ये धरायच्या नाहीत, जे पडद्यावर घडले तेच खरे, असा कंपनीचा दंडक. म्हणजे बायकांना जे दार मिळाले ते अशा खोलीचे, जिचा घराच्या नकाशात उल्लेख नाही. 'कॅनन' हा शब्द आपणही अभ्यासक्रम ठरवताना वापरतो, तेव्हा हसण्यापूर्वी थोडे थांबावे.

याच संदर्भात 'मेरी स्यू' हा शब्द आठवतो. १९७३ मध्ये पॉला स्मिथ हिने एका हौशी नियतकालिकात एक छोटे विडंबन लिहिले. त्यातील मेरी स्यू ही आरमारातील सर्वांत तरुण अधिकारी, सर्वांची लाडकी, सर्वगुणसंपन्न. ते होते चाहत्यांचे घरातल्या घरात केलेले आत्मपरीक्षण, आणि झकास होते. पुढे हा शब्द बाहेर पडला आणि स्त्रीने लिहिलेली किंवा स्त्री असलेली कोणतीही कर्तबगार नायिका झोडपायची काठी झाला. आमच्या मते चाहत्यांच्या लेखनविश्वाने समीक्षेला दिलेला हा बहुधा सर्वाधिक प्रचलित शब्द. आणि समीक्षेने त्याचे काय केले ते हे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. चाहता आत शिरला की मालिका स्वतःशीच बोलू लागते, जुन्या खुणा जुळवण्यात तिचा जीव जातो, असे म्हणतात. यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली ती चाहत्यांच्याच हातून. रसेल टी. डेव्हिस, मग स्टीव्हन मॉफट, मग ख्रिस चिबनल, तिघेही जन्माचे चाहते. चिबनलने तर १९८६ मध्ये कुमारवयात दूरचित्रवाणीवर येऊन मालिकेच्या पटकथांवर तोंडावर टीका केली होती. २०१८ मध्ये तीच मालिका त्याच्या हाती आली आणि त्याच्याही पटकथांवर तरुण चाहते तशीच टीका करू लागले. या काळातील काही भाग आम्हांस प्रश्नपत्रिकेसारखे वाटतात. मागचे पाठ असल्याशिवाय सोडवता येत नाहीत. पण याच मालिकेने दुसरेही करून दाखवले. पॉल कॉर्नेल हा चाहत्यांच्या नियतकालिकांतून आलेला लेखक. मालिका बंद असताना तिच्या अधिकृत कादंबऱ्या निघत आणि त्यांचा प्रकाशक नवोदितांना वाव देत असे. कॉर्नेलची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी १९९५ ची. २००७ मध्ये तिच्यावरून त्यानेच पटकथा लिहिली. डॉक्टर स्वतःची ओळख विसरून साधा शाळामास्तर म्हणून जगतो आणि ते साधे आयुष्य सोडायची वेळ आल्यावर घाबरतो, ही ती कथा. नायकाला त्याच्या सर्व विशेषांपासून तोडून पाहावे, हे चाहत्यालाच सुचले. प्रेमाने दृष्टी अधू होते हे मान्य. पण परक्याला डोळे असतात म्हणून त्याला दिसतेच असे नाही.

दार लावून घेणाऱ्यांची भीती कोठवर जाते याचे एक उदाहरण देतो. 'बॅबिलॉन ५' या मालिकेचा जनक स्ट्रॅझिन्स्की इंटरनेटवर चाहत्यांशी मोकळेपणी बोलत असे. फक्त कथाकल्पना तेवढ्या मांडू नका, अशी त्याची विनंती असे. एका चाहत्याने सहज बोलताना एक तर्क मांडला, आणि तो नेमका त्याच्या मनातील एका कथेशी जुळला. ती कथा त्याला बाजूला ठेवावी लागली. चाहत्याने लेखी हक्कसोड दिल्यानंतरच १९९५ मध्ये 'पासिंग थ्रू गेथसेमनी' हा भाग दिसू शकला. वाचकाचा तर्क अचूक ठरणे हा लेखनाचा गौरव समजण्याचे दिवस होते. तेथे ती कायदेशीर आपत्ती ठरली.

'स्टार ट्रेक'चे दारही यथावकाश बंद झाले. आता वर्षाला सव्वीस नव्हे, दहाबारा भागांचे पर्व निघते, ते ठरावीक लेखक एकत्र बसून आखतात, आणि बाहेरच्या कथेची निकड कोणाला उरलेली नाही. मध्यंतरी चाहत्यांनी स्वतःच चित्रपट काढायला सुरुवात केली. त्यांतील एकावर, 'अ‍ॅक्झनार'वर, डिसेंबर २०१५ मध्ये कंपन्यांनी दावा लावला. त्यासाठी चाहत्यांकडून मोठी वर्गणी जमवली गेली होती, तेव्हा कंपन्यांची हरकत अगदीच निराधार नव्हती. पण जून २०१६ मध्ये सर्वांसाठी जे नियम जाहीर झाले ते वाचावेत. एक कथा पंधरा मिनिटांची; दोन भाग केल्यास एकूण तीस. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. काम करणारे सर्व हौशी, कोणासही मोबदला नाही, आणि पूर्वी कधीही 'स्टार ट्रेक'साठी नोकरी केलेल्या कोणी त्यात भाग घ्यायचा नाही.

या शेवटच्या कलमापाशी डेव्हिड गेरॉल्ड पुन्हा भेटतो. १९८७ मध्ये दुसरी मालिका उभी राहत असताना तो तिच्या लेखकांत होता. तेव्हा त्याने 'ब्लड अँड फायर' नावाची पटकथा लिहिली. एड्सच्या भयाचे रूपक आणि यानावरील एक समलिंगी जोडपे असा तिचा ऐवज. ती चित्रित झाली नाही आणि गेरॉल्ड बाहेर पडला. वीस वर्षे ती संहिता पडून होती. मग स्वखर्चाने 'स्टार ट्रेक'चे भाग काढणाऱ्या चाहत्यांच्या एका गटाने ती मागून घेतली, गेरॉल्डने स्वतः दिग्दर्शन केले आणि २००८-०९ मध्ये ती दोन भागांत लोकांपुढे आली. अधिकृत मालिकेच्या प्रमुख पात्रांत असे जोडपे यायला २०१७ साल उजाडावे लागले, 'डिस्कव्हरी'त; त्या मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एक, पहिला भाग दिसण्यापूर्वीच बाहेर पडलेला, ब्रायन फुलर, हाही पटकथा पाठवूनच आत आलेला चाहता. आणि २०१६ चे नियम आठ वर्षे आधी असते, तर 'ब्लड अँड फायर' निघालाच नसता. लांबी पंधरा मिनिटांहून फार जास्त, आणि दिग्दर्शक अपात्र, कारण त्याने १९६७ मध्ये ट्रिबल्सची गोष्ट लिहिली होती.